उजवीकडचा बाण

३ मार्च

लिहून ठेवणार: सरकार. हे माझे पाळण्यातले नाव नव्हे. ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरले आहे. बसगाड्यांच्या आगारात मी चालक होतो. तेथे भर उन्हाळ्यातही मी गणवेशाचे गळ्याचे बटण लावीत असे, म्हणून वरिष्ठांसह सर्व जण मला सरकार म्हणू लागले व मी त्यास हरकत घेतली नाही. वय वर्षे चौऱ्याहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. सध्याचे काम: धाकटी मुलगी शर्यतीची गाडी चालविते, तिला कठड्यावरून पाटी दाखविणे.

नोकरीत असताना दुसऱ्या एका चालकाच्या अपघाताच्या खटल्यात मला साक्षीस बोलाविले होते. तेथील कारकुनाने आधी नाव, वय, धंदा लिहून घेतला व मगच हकिकत ऐकली. ती पद्धत मला पटली. सांगणारा कोण हे कळल्याशिवाय सांगण्याला किंमत नाही. म्हणून ही वही तशीच सुरू करीत आहे.

सुरू करण्याचे कारण असे की, आज मालकांनी पाटी बंद करण्याचा विषय काढला. मालक म्हणजे धाकटीच्या संघाचे मालक. गाडी त्यांची, कामगार त्यांचे. शर्यतीत गाडी कठड्यासमोरून जाते तेव्हा पाटी बाहेर धरावयाची असते. तिच्यावर कितवी फेरी, कितवा क्रमांक, मागची गाडी किती जवळ, हे आकडे खाचांत बसविलेले असतात. गाडीचे गणित पाहणारा इंजिनियर, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, त्याने सांगितले की हे सर्व आता कानातल्या रेडिओवर तिला कळते, पाटी म्हणजे नुसती शोभा. मालकांनी मला सावलीत खुर्ची देऊ केली.

धाकटी चाकाशी उकिडवी बसली होती. उठलीदेखील नाही. "पाटी नसेल तर मी गाडीत बसणार नाही," एवढेच म्हणाली.

मालक हसले. विषय संपला. मी आनंद दाखविला नाही.

११ मार्च

आज घरी बसून सर्व आकडे धुतले. पायाला स्वस्थता नाही. आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, फरशी झिजेल, बसा की जरा." शर्यत अजून दूर आहे, पण मला आत्ताच उशीर झाल्यासारखे वाटते.

धाकटीची हकिकत थोडक्यात नोंदवितो. (थोरला बँकेत आहे. त्याच्याविषयी नोंदविण्यासारखे काही घडत नाही.) आगारातील वेल्डरने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याला पाण्याच्या पंपाचे इंजिन जोडून एक छोटी गाडी केली होती. सुटीच्या दिवशी आगाराचे आवार रिकामे असे. तेथे धाकटी ती गाडी फिरवी व मी तिच्या शाळेच्या पाटीवर खडूने फेऱ्यांचा आकडा लिहून दाखवी. नियम मीच घातला: पाटी वाचली की स्टिअरिंगवरून एक बोट वर करावयाचे. कंडक्टरची घंटा ऐकली हे चालकाने कळविले नाही तर घंटेचा उपयोग काय?

पुढे ती छोट्या गाड्यांच्या शर्यती जिंकली, वर्तमानपत्रात फोटो आला, मोठ्या संघाने नेले. मग त्या संघाने सोडले. दोन वर्षे गाडीच नव्हती, तेव्हा श्रीमंतांच्या मुलांना रविवारी गाडी शिकवीत असे. नंतर अनेक वर्षे दुसऱ्या क्रमांकाची चालक, म्हणजे पहिल्याला वाट करून देणारी. आता छत्तीसाव्या वर्षी या मालकांनी तिला संघाची पहिली गाडी दिली. गेल्या वर्षाच्या शेवटी ती गाडीसह उलटली व डोक्याला मार बसला. महिनाभर अंथरुणात होती. नव्या वर्षी डॉक्टरांनी तपासून पास केले. पुढची तपासणी वर्षअखेरीस.

या सर्व वर्षांत पाटी माझ्या हातून कधीही चुकलेली नाही. हे मी आत्मस्तुती म्हणून लिहीत नाही.

२९ मार्च

पहिली शर्यत. तिसरा क्रमांक. बोट प्रत्येक फेरीस वर.

२ एप्रिल

धाकटी सकाळी घरी आली. दोन मागण्या केल्या. पांढरे आकडे काढून पिवळे करावे. पांढऱ्यात काय वाईट आहे असे मी विचारले. उन्हात फिके दिसतात म्हणाली. माझे आकडे फिके असल्याचे आजवर कोणी म्हटले नव्हते, तरी रंग आणीन असे सांगितले.

दुसरी मागणी विचित्र होती. पाटीवर एक बाण हवा. मागची गाडी उजव्या अंगाने पुढे घुसू पाहत असेल, तर बाण लावावयाचा. कठड्यापुढचा सरळ रस्ता संपला की पहिले वळण लागते व तेथेच गाड्या एकमेकींना मागे टाकतात.

मी म्हणालो, त्यासाठी आरसा असतो व आता चष्म्याचा रेडिओही आहे.

"रेडिओ सगळे ऐकतात, बाबा. मालक ऐकतात, टायरवाले ऐकतात. मी हे विचारलं की म्हणतील, हिचं वय झालं. बाण आपल्या दोघांतच राहू दे."

मी मान्य केले. खरे सांगावयाचे तर मला बरे वाटले. ज्या संघात माणसापेक्षा यंत्राचे जास्त ऐकतात, तेथे एक गोष्ट अशी असावी की जी फक्त बापलेकींना ठाऊक आहे. पत्र्याचा बाण मी स्वतः कापला. लाल रंग दिला.

१९ एप्रिल

दुसरी शर्यत, दुसरा क्रमांक. बाण आठ-दहा वेळा लावला व प्रत्येक वेळी तिने वळणावर उजवीकडे जागा दिली नाही. मालक म्हणाले, हिला पाठीमागे डोळे आहेत. मला हसू आवरावे लागले.

घरी जेवताना मी तिच्या उजवीकडे पाण्याचा पेला ठेवला, तो तिच्या कोपराने सांडला. सकाळी तिने गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली होती. मी तिला स्पष्ट बोललो, की ट्रॅकवर कौतुक झाले म्हणून घरात बेफिकिरी चालणार नाही. आमच्या कुटुंबाने फडके आणले, जमीन पुसली व नवा पेला तिच्या डावीकडे ठेवला. लाड फार होतात.

१० मे

पहिला क्रमांक! छत्तीसाव्या वर्षी, पहिल्या गाडीत, पहिली जीत. मी टोपी काढून परत घातली. त्यापलीकडे काही केले नाही.

संध्याकाळी चष्मा माझ्या शेजारी येऊन बसला. हा मुलगा वाईट नाही, पण बोलताना माणसाकडे न पाहता हातातल्या पडद्याकडे पाहतो. म्हणाला, "सरकार, एक विचारू? उजव्या वळणावर ताई गाडीभर जागा सोडून जातात. डाव्या वळणावर कठड्याचा रंग खरवडतील इतक्या जवळून. असं का?"

मी म्हणालो, "सभ्यपणा."

त्याने पडद्यावरचे वळण बोटाने मागे नेऊन पुन्हा पाहिले. मग "असेल," म्हणाला व उठून गेला.

१४ जून

वाईट दिवस. सविस्तर लिहितो, कारण उद्या पंचांसमोर बोलावणे आहे.

धाकटी पहिली धावत होती. तिच्यामागे हिरव्या हेल्मेटचा तरुण, ज्याला सर्व जण पोपट म्हणतात. तो अजून गाडीभर मागे आहे असे माझ्या नजरेने ठरविले, म्हणून बाण लावला नाही. फक्त आकडे दाखविले. बोट वर झाले. पुढे वळणावर पोपट उजवीकडून शिरला. धाकटीने, जणू तेथे कोणीच नाही अशी, गाडी उजवीकडे वळविली. चाकाला चाक लागले. पोपट टायरांच्या भिंतीवर गेला. त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. धाकटी तशीच पुढे गेली व जिंकली.

घरी आल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत जात आहे. काही तरी ठेवून विसरलो आहे व ते शोधत आहे, असे वाटते. काय ते आठवत नाही.

१५ जून

तीन पंच होते. मला उभे राहून बोलण्याची सवय आहे, पण त्यांनी बसविले. मी नाव, वय, काम सांगून सुरुवात केली. त्यांनी विचारले की, धाकटीला पोपटाची गाडी दिसली असावी काय? मी शपथेवर असल्यासारखे सांगितले: "तो शेजारी असता तर तिला दिसलाच असता. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. सबब तो शेजारी नव्हता, ऐन वेळी घुसला."

पंचांनी कोणाचाही दोष नाही असा निर्णय दिला. एक पंच म्हणाले की अशी स्वच्छ साक्ष फार दिवसांनी ऐकली.

बाहेर आल्यावर धाकटीने माझ्याकडे पाहिले नाही. आवाराच्या कोपऱ्यात जाऊन ओकली. सकाळचे खाणे शिळे असणार. आमच्या कुटुंबाला तसे सांगितले, तर ते म्हणाले, "खाणं ताजं होतं." आणि आत निघून गेले.

२० जून

काही विशेष नाही. फाटकापर्यंत पुष्कळदा जाऊन आलो.

१२ जुलै

पहिला क्रमांक. आता अजिंक्यपदाच्या गुणांत धाकटी सर्वांच्या पुढे आहे. वर्तमानपत्रवाला आला होता. त्याने मला विचारले, मुलीच्या यशाचे रहस्य काय? मी म्हणालो, शिस्त. त्याने तसेच छापले आहे, फक्त माझ्या वयात दोन वर्षांची चूक केली आहे. दुरुस्तीसाठी त्याला कळविले.

आज तिने बाण नेहमीपेक्षा अधिक वेळा मागितला आहे: जवळ कोणी असेल तर, शिरेल न शिरेल, लावाच. मी म्हणालो, मग बाणाला अर्थ काय उरला? ती म्हणाली, "बाबा, प्रश्न विचारू नका ना. लावा."

तिचा आवाज मला आवडला नाही. तिने माझा हात क्षणभर धरला, तोही नेहमीसारखा नव्हता. चाचपडून धरल्यासारखा.

२३ ऑगस्ट

हा अपमान लिहावा की नाही, यावर दुपारभर विचार केला.

शेवटच्या शर्यतीसाठी मी सर्व आकडे नव्याने रंगविले. धाकटी ओसरीच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. मी पाटी घेऊन तिच्या उजवीकडे उभा राहिलो व तिने पाहण्याची वाट पाहिली. तिने पाहिले नाही. मी खाकरलो नाही, कारण केलेल्या कामाकडे लक्ष वेधून घेणे मला जमत नाही. हात भरून आले तरी उभा राहिलो. ती स्वतःशी काही गुणगुणत होती. शेवटी आईने हाक मारली म्हणून तिने पूर्ण मान वळविली, मला पाहिले व एवढी दचकली की बूट पायरीवरून खाली गेला.

"कधी आलात?"

मी पाटी भिंतीला टेकवून आत गेलो. स्वतःच्या बापाला इतका वेळ न पाहिल्यासारखे करावे, असे मी काय केले आहे?

२४ ऑगस्ट

पहाटेच मनात आले, ते दिवसभर जाईना. ते आगारातील रुमालाचे आहे.

आमच्याकडे नवा चालक घेताना तपासनीस त्याला खुर्चीवर बसवून समोर बघायला सांगे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारी आणि त्याच्या कानामागून हळूहळू रुमाल पुढे आणी. रुमाल दिसला की उमेदवाराने सांगावयाचे. कानाच्या रेषेत सांगितले तर उत्तम. गालापर्यंत आला तरी सांगितले नाही, तर त्याला दुसरे काम.

धाकटी हातमोज्याचा उसवलेला टाका घालत होती. मी डावीकडे उभा राहून हवेविषयी बोललो व रुमाल पुढे आणला. कानाच्या मागेच असताना ती म्हणाली, "माशी आहे का?" मी हो म्हणालो.

मग उजवीकडे गेलो. बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. रुमाल कानाशी आला. गालाशी आला. डोळ्याच्या कोपऱ्याशी आला. ती सुईत दोरा ओवीत होती व हसून मला विचारीत होती की, तुम्ही कधीपासून हवापाण्याच्या गप्पा मारू लागलात. रुमाल नाकाच्या शेंड्याजवळ आला तेव्हा तिची मान हलली.

मी रुमाल खिशात ठेवला. चहा घेणार का, असे विचारले. ती म्हणाली, अर्धा.

२५ ऑगस्ट

रात्रभर जे सुचले ते क्रमाने लिहितो. पेला. खांब. पिवळे आकडे. उजव्या वळणावरची जागा. आणि बाण. बाण आम्हा दोघांतील मान नव्हता. मी तिचा उजवा डोळा होतो. तोही फेरीस एकदाच, कठड्यासमोर. उरलेल्या फेरीत ती त्या बाजूला कोणाच्या भरवशावर होती, हे मला लिहिता येत नाही.

सकाळी स्वयंपाकघरात दोघीही होत्या. मी उभ्यानेच विचारले, "डोळा केव्हापासून?"

धाकटीने आईकडे पाहिले. म्हणजे आईला ठाऊक होते.

नव्या वर्षी डॉक्टरांनी पास केले तेव्हा डोळा बरा होता, हे खरे. त्यानंतर बाजूने पडदा सरकू लागला, तो सरकतच आहे. दुसऱ्या शहरातील डॉक्टरांना गुपचूप दाखविले. त्यांनी हात टेकले. वर्षअखेरीच्या तपासणीत तिचा परवाना जाणार हे नक्की. तिला फक्त हे एक वर्ष पुरे करावयाचे होते.

मी विचारले की, मला का सांगितले नाही. आमचे कुटुंब म्हणाले, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पहिली बस धरून पंचांकडे गेला असता."

हे खरे आहे. मग म्हणालो, "पंचांसमोर मला खोटा साक्षीदार केलंस."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत, बाबा. तुम्हाला तसंच वाटत होतं."

"पोपटाचं हाड मोडलं ते?"

ती म्हणाली, "एकच शर्यत उरली आहे. वर्षभर तुमच्या पाटीवर गाडी चालवली. अजून एकदा. मग मी स्वतः चावी ठेवते."

मी आगारात असतो तर त्याच क्षणी गाडीवरून उतरविले असते. आजही बूट घालून फाटकापर्यंत गेलो, पंचांकडे जाण्यासाठीच. फाटक उघडले. परत लावले. हेही नोंदवितो की, ते अजिंक्यपद मलाही हवे आहे. आगाराच्या आवारापासून हवे आहे. न्याय करणारा माणूस असा नसावा.

परत येऊन अट घातली. पाटीवर जे लिहीन ते रेडिओच्या वर. मी "आत" लिहिले तर शर्यत सोडून आत यावयाचे, का म्हणून विचारावयाचे नाही.

"आत म्हणाल तर आत," ती म्हणाली. तिला वाटते की मी तसे लिहिणार नाही. मलाही तसेच वाटते.

५ सप्टेंबर

उद्या शर्यत. ट्रॅकवर आलो आहोत. यंदा आमचे कुटुंबही आले आहे. इतक्या वर्षांत त्याने ट्रॅकवर पाऊल ठेवलेले नव्हते; घरी देवापुढे बसणे त्याला सोयीचे वाटे.

दुपारी पोपटाच्या संघाची गाडी ठेवतात त्या खोलीपाशी गेलो. तो बरा होऊन परत आला आहे. हात खांद्यापर्यंत नीट उचलत नाही. मी हाडाची चौकशी केली. त्याने बसायला पेटी सरकविली व म्हणाला, "बरं आहे, काका. तुमच्या ताईला एवढंच सांगा, आरशात बघायला काही खर्च येत नाही."

तो हसत म्हणाला. त्याची आई तेथे त्याचे कपडे घडी करीत होती, ती हसली नाही. मी काही बोलण्यासाठी गेलो होतो. शुभेच्छा देऊन परत आलो.

चालत राहिलो. कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पहारेकऱ्याने दोनदा विचारले की काही हरवले आहे का.

६ सप्टेंबर

हकिकत जशी घडली तशी.

शर्यत दुपारी उशिरा सुरू झाली. धाकटी पहिल्यापासून पुढे होती व पोपट तिच्या पाठीशी. असेच संपले असते तर अजिंक्यपद तिचे होते. मी बाण काढलाच नाही. प्रत्येक फेरीस बोट वर झाले. अर्धी शर्यत झाली. हे होणार, असे मला वाटले.

मग सूर्य उतरला. या ट्रॅकवर कठड्यासमोरचा सरळ रस्ता ऐन पश्चिमेला जातो. सूर्य रस्त्याच्या टोकाशी, वळणाच्या माथ्यावर येऊन बसला. मी हाताने कपाळावर आडोसा केला तरी मला वळण दिसेना. आणि मला दोन डोळे आहेत.

त्या फेरीस बोट वर झाले नाही.

पुढच्या फेरीस मी पाटी दोन हातांनी शक्य तितकी बाहेर धरली. बोट नाही. वळणावर पोपट उजवीकडे आला. धाकटी त्याच्यावर चालून गेली, जूनमध्ये गेली होती तशीच. या वेळी त्याने करकचून ब्रेक लावले. त्याच्या चाकांचा धूर कठड्यापर्यंत आला. मागे प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. त्यांना वाटले, काय हिंमत.

मी सर्व आकडे काढले. बाणही काढला. "आत" ही दोन अक्षरे पेटीच्या तळाशी असतात. ती बसविताना एक हातातून पडले, ते वाकून उचलले.

ती आली व गेली. बोट नाही. तिने वाचले नाही, की वाचून गेली, हे मला कळले नाही. चष्म्याने पाटी पाहिली व ओरडला की हे काय लावलं आहे. त्याच्या मागून मालक. चष्मा रेडिओवर तिला सांगू लागला, "बाहेरच राहा, पाटी चुकली आहे, बाहेरच राहा." मला पाटी खाली घेण्यास सांगण्यात आले. मी घेतली नाही. कठड्यावर पोट टेकवून, शेजारच्या पहारेकऱ्याने माझा कोट मागून धरला असता, मी ती जेवढी बाहेर जाईल तेवढी धरली, तिच्या डोळ्यांपुढचा सूर्य पाटीआड जाईल अशी किंचित कलती.

ती आली. कानात चष्मा होता, समोर मी होतो.

बोट वर झाले.

फेरी पुरी करून तिने वेग उतरविला व गाडी कठड्यामागच्या आतल्या गल्लीत घेतली. आमच्या खोलीपुढे उभी केली, इंजिन बंद केले. बाहेर पोपट पुढे निघून गेला.

मालकांनी विचारले, "कोणी बोलावलं हिला?"

"मी," मी म्हणालो. "पाटी चुकीची लावली."

"इतकी वर्षं चुकली नाही, ती आजच?"

"वय झालं माझं."

मालक त्यानंतर जे बोलले ते या वहीत लिहीत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर होते. टायरवाले मान खाली घालून उभे राहिले. मी गळ्याचे बटण लावलेले आहे ना, हे पाहिले.

मधल्या वेळात चष्मा कठड्यावर जाऊन पाटी घेऊन आला. बाण वेगळा पडला होता, तो त्याने उचलला, उलटसुलट पाहिला व मालक वळायच्या आत स्वतःच्या खिशात घातला. का, ते मला कळले नाही. तो पत्रा माझा आहे, उद्या मागून घेईन.

धाकटीने हेल्मेट काढले. डोळे लाल होते. दोन्ही. मालक तिच्याकडे वळून म्हणाले की, पुढच्या वर्षी हा म्हातारा कठड्यावर दिसता कामा नये.

ती म्हणाली, "पाटी नसेल तर मी गाडीत बसणार नाही, हे मार्चमध्येच सांगितलं होतं. बाबा थांबले. मीही थांबते."

मग तिने हातमोजे काढून स्टिअरिंगवर ठेवले.

वरील सर्व माझ्यासमक्ष घडले. यात मी बोललेले एक वाक्य खोटे आहे, त्याची दुरुस्ती येथेच करतो: पाटी चुकीची नव्हती.

त्या वेळी हजर असलेले: मालक, चष्मा, टायर बदलणारे दोघे, माझा कोट धरणारा पहारेकरी, काही वेळाने शर्यत जिंकून हिरवे हेल्मेट काखेत घेऊन आलेला पोपट, जो धाकटीशी हात मिळवून गेला, आमचे कुटुंब, धाकटीच्या डावीकडे, तिचा हात धरून, आणि वर नमूद केलेला मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तिच्या उजवीकडे.